एप्रिलसाठी ठेवलेलं गाणं

काळाचौकीतल्या एका मराठी शाळेत मी पहिली ते चौथीच्या मुलांना गाणं शिकवते. नुसतं सा रे ग म म्हणायला लावलं की पाचव्या मिनिटाला निम्मा वर्ग बाकाखाली शिरतो, म्हणून मी सणांना धरून शिकवते. नारळी पौर्णिमेला वल्ही मारत कोळीगीत, गणपतीत लेझीम, नवरात्रात भोंडल्याचा फेर, नाताळात टाळ्या आणि उड्या. अंग हललं की ताल आपोआप बसतो, हे माझं लाडकं वाक्य. पालकसभेत मी ते दरवर्षी ऐकवते आणि पालक दरवर्षी माना डोलावतात.

तिसरीच्या वर्गात एक मुलगी होती. गळा बेताचा, पण तालाला इतकी पक्की की अख्खा वर्ग घसरला तरी हिची टाळी जागेवर. पाय तर स्वस्थ राहायचेच नाहीत, बाकावर बसल्या बसल्याही खाली ठेका चालू. मी तिला सगळ्यांच्या पुढे उभी करायचे आणि बाकीच्यांना सांगायचे, हिचे पाय बघा.

त्या वर्षीच्या गणपतीच्या गाण्याची हालचाल मीच बसवली होती. प्रत्येक कडव्याच्या शेवटी दोन पावलं पुढे, हात जोडायचे, मान खाली. ती दोन पावलं पुढे यायची आणि हात मात्र बाजूलाच. पहिल्या दिवशी मला वाटलं विसरली. दुसऱ्या दिवशी मी सांगितलं. तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका तालीम बघायला येऊन बसल्या होत्या आणि हिचे हात पुन्हा बाजूलाच. माझा पारा चढायला फारसा वेळ लागत नाही. मी रांगेतून तिच्यापर्यंत गेले, तिचे दोन्ही हात धरले आणि एकमेकांवर दाबले. एवढं साधं जमत नाही का, असंही म्हटलं. मुलं हसली. तिने हात सोडवून घेतले नाहीत. मी सोडल्यावर सावकाश खाली घेतले.

मी या भागात नवखी असते तर गोष्ट वेगळी. कुठल्या चाळीच्या तोंडावर निळा झेंडा आहे, ही मुलं कुठून येतात, सगळं मला माहीत होतं. पण मी गिरगावात वाढले. माझ्या आजूबाजूला सगळेच हात जोडणारे, त्यामुळे हात जोडणं हा टाळीसारखाच गाण्याचा भाग, असं मी धरून चालले होते. कोणाच्या घरी हात जोडणं ठरवून सोडलेलं असेल, हे डोक्यातच आलं नाही. मला आजही ते दाबलेले हात आठवले की लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. परळच्या एका हॉस्पिटलात लॅबमध्ये नोकरीला, ड्यूटीवर जाण्याआधी वेळ काढून आलेली. ती भांडणार म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. ती भांडली नाही.

"मॅडम, ती गाईल, नाचेल, सगळं करेल. फक्त हात जोडायला लावू नका. आमच्यात नाही करत ते."

मी इतकी ओशाळले की तिने मागितलं त्यापेक्षा जास्तच कबूल करून बसले. माफ करा एवढे दोन शब्द माझ्या तोंडून निघत नाहीत, त्याऐवजी मी काहीतरी देऊ करते. म्हटलं, एप्रिलमध्ये जयंतीच्या आधी तुमच्यातलं एक गाणं आपण सगळ्या वर्गाला शिकवू. मुलगी आईला खेटून उभी होती. त्या दिवशी तिने पहिल्यांदा माझ्याकडे वर बघितलं.

तिचे आजोबा गिरणी बंद पडेपर्यंत कामाला होते आणि चाळीतल्या गायन पार्टीत भीमगीतं गायचे. त्यांच्याकडून ती एक गाणं शिकून आली. मधल्या सुट्टीत संगीताच्या खोलीत मला म्हणून दाखवलं. हालचालही तिने स्वतःच बसवली होती, पुस्तक उघडल्यासारखे तळवे उघडायचे आणि ठेक्यावर एक पाऊल पुढे. माझ्या बसवण्यापेक्षा ती सरस होती. मी तिला छान म्हटलं आणि वहीत लिहून ठेवलं, एप्रिल.

एप्रिलमध्ये परीक्षेमुळे संगीताचे तास गणिताला गेले. हे खरं आहे आणि ही थापही आहे. कारण पाडवाही त्याच दिवसांत होता, आणि पाडव्याच्या गाण्यासाठी मी गणिताच्या बाईंना चहा पाजून, गोड बोलून तीन दिवस पंधरा-पंधरा मिनिटं काढून घेतली होती. या गाण्यासाठी मी त्यांच्याकडे गेलेच नाही. हेच गाणं का, असं कोणी शिक्षकांच्या खोलीत विचारलं तर, एखाद्या पालकाने विचारलं तर, याची मला भीती वाटत होती. पाडव्याच्या गाण्याबद्दल हे आजवर कोणी विचारलेलं नाही.

"बाई, आपलं गाणं कधी?" तिने दोनदा विचारलं. माझं नाही, आपलं म्हणाली. एकदा मी म्हटलं पुढच्या आठवड्यात, एकदा म्हटलं परीक्षा होऊ दे. तिसऱ्या वेळी व्हरांड्यात समोरून येताना तिची चाल मंदावली, तर मी फोन कानाला लावला. फोनवर कोणीही नव्हतं.

चौथीत गणपतीच्या गाण्याला मी तिच्या हातात खंजिरी दिली आणि बाजूला उभं केलं. ताल पक्का आहे ना तिचा, म्हणून वाद्य दिलं, असं मुख्याध्यापिकांना सांगितलं. त्यांनी माझं कौतुक केलं, मी ते घेतलं. तिचा एकही ठेका चुकला नाही. फक्त पाय हलत नव्हते. ते माझ्याशिवाय कोणाच्या लक्षातही आलं नसेल.

तो एप्रिलही तसाच गेला. जयंती होऊन गेली, चौथीचा शेवटचा पेपर झाला आणि वर्ग माझ्या ताब्यात आला. पुढच्या वर्षी ही मुलं दुसऱ्या शाळेत जाणार होती. मी पेटी काढली. आज अख्खा तास या गाण्याला, कोणाला विचारायचं नाही, असं ठरवूनच आले होते, आणि खरं सांगायचं तर स्वतःवर बऱ्यापैकी खूश होते. वर्गाला म्हटलं, आज नवीन गाणं, आणि ही तुम्हाला शिकवणार.

ती उभी राहिली. फुरंगटली नव्हती. तसं असतं तर मी तिची समजूत काढली असती. नव्या मुलाला शाळेचा नियम सांगावा तितक्या सरळपणे ती म्हणाली, "बाई, ते शाळेतलं नाहीये. ते घरी म्हणायचं असतं."

असं कोणी सांगितलं तुला, मी विचारलं.

"कोणी नाही," ती म्हणाली. "तुम्ही घेतलं नाही ना, त्यावरून कळलं."