पेन्सिलीनं लिहिणाऱ्या मोठ्या बाई

धरणाच्या काठच्या आमच्या शाळेत मोठ्या बाई मुलांच्या नावापुढे शाईनं कधीच लिहीत नसत. त्या मुख्याध्यापिका, मी नव्यानं लागलेली. क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम नुकताच आला होता. कोणत्या मुलाला कोणती क्षमता आली, कोणती राहिली, याचा भलामोठा तक्ता भरावा लागे. केंद्रप्रमुख दर भेटीत सांगत, "बाई, शाईनं भरा." बाई म्हणत, "भरते की. पोरांची वाढ थांबली की भरते."

माझा तक्ता निळ्या शाईत, सुबक, मुदतीच्या आधी तयार असे.

'येत नाही' हे शब्दही त्यांना चालत नसत. "आज आलं नाही, असं म्हण," त्या मला सांगत. "उद्या परत विचार. तुझं काय जातं?"

चौथीत सुली होती, मासे धरणाऱ्या घरातली. मापनाच्या तोंडी परीक्षेत मी तिला विचारलं, "किलोचं वजन नसेल तर एक किलो कसं मोजशील?" ती पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिली. तीनदा विचारलं. मग तिच्या प्रगतिपुस्तकात मी शाईनं लिहिलं : येत नाही.

दुसऱ्या दिवसापासून सुली शाळेत दिसेना. वाटेत तिचा बाप भेटला. म्हणाला, "तुमीच लिवलंय ना, येत न्हाई म्हून? मंग घरी जाळी तरी विणंल."

मोठ्या बाई रागावल्या नाहीत. रविवारी सकाळी मला काठावर घेऊन गेल्या. बापाशेजारी बसून सुली गिऱ्हाइकाला मासे तोलून देत होती.

"मामा, किलोचं माप घरी ऱ्हायलं. अर्ध्याची दोन टाकते."

"टाक, पण काटा दाबू नको."

"तुमीच धरा काटा. मंग बोंबलू नका!"

बाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी पाण्याकडे बघत राहिले.

त्यांनी तिथंच प्रगतिपुस्तक मागवलं, माझ्या शाईवर कागदाची चिठ्ठी डकवली आणि पेन्सिलीनं लिहिलं : आलं.

बाप म्हणाला, "शाईचं खोटं अन् पेन्सिलीचं खरं व्हय?"

"व्हय," बाई म्हणाल्या. "उद्या धाडा तिला."

सोमवारी सुली आली. पुढे केंद्रप्रमुखांनी त्या चिठ्ठीबद्दल विचारलं, तेव्हा बाईंनी "चूक माझी" एवढंच सांगितलं. मी शेजारी उभी होते, गप्प. त्याची लाज अजून जात नाही.

निवृत्त झाल्यावर बाई खोडदला मुलाकडे राहायला गेल्या. जाऊ, जाऊ म्हणत मी काही वर्षं घालवली. गेले तेव्हा त्या ओट्यावर मटार सोलत होत्या. शेतांपलीकडे रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या होत्या.

मुलगा म्हणाला, "आईला आता माणसं ओळखता येत नाहीत."

माझ्या तोंडून निघून गेलं, "येत नाही म्हणू नकोस. आज आलं नाही म्हण."

बाईंचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पुन्हा सोलू लागल्या.

मग मी दर रविवारी सकाळची एसटी धरू लागले. शेजारी बसायची, शेंगा सोलायची आणि उठताना विचारायची, "बाई, मी कोण?" त्या हसत, ओंजळभर दाणे माझ्यापुढे करत.

शेवटच्या रविवारीही माझं नाव आलं नाही.

त्या दिवशी आलं नाही, इतकंच.