समेवरचा हात

शाळेत सुध्या बाक वाजवायचा. गुरुजी फळ्याकडे वळले की याचा तीनताल सुरू, आणि सम नेमकी गुरुजींनी मागे वळून पाहावं तेव्हाच. मार खाल्ला, पण सम कधी चुकवली नाही.

परवा आम्ही चौघे शाळासोबती पुष्कळ वर्षांनी गाण्याला एकत्र बसलो. हट्ट सुध्याचाच. तो कडेच्या खुर्चीत, शेजारी मी. बाई मारवा गात होत्या. सम आली की सभागृहातले हात एकदम मांडीवर पडत. सुध्याचाही पडे, पण किंचित मागून.

"म्हातारा झालास रे," मी त्याच्याकडे झुकून कुजबुजलो. तो नुसता हसला.

मग माझ्या लक्षात आलं, तो बाईंकडे बघतच नव्हता. माझ्या हाताकडे बघत होता.

पिकलेले केस, सुटलेलं पोट, याला आपण बदल म्हणतो आणि एकमेकांची थट्टा करतो. माणसाच्या आत काय मिटत गेलं, ते मात्र खुर्चीला खुर्ची लावून बसलेल्यालाही कळू नये?

मला राहवेना. पुढच्या समेला मी हात मुद्दाम वरच ठेवला. सम आली, सगळं सभागृह डोललं, बाईंनी नवी तानही उचलली. सुध्याचा हात माझ्या हातासारखाच अधांतरी राहिला.

मी घाईघाईने हात मांडीवर टाकला. लगेच त्यानेही टाकला.

"क्या बात है!" तो म्हणाला. जरा जास्तच मोठ्याने.