ज्याला पेटी पाठ होती

निळी पेटी पहिल्यांदा उघडली ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर. तेव्हा ते बुटांचं खोकं होतं, बाहेरून निळा कागद चिकटवलेलं. उघडणारी सव्वीस वर्षांची, मानसशास्त्राची पदवी नुकतीच हातात पडलेली. समोर बसलेला तिचा दादा, तिच्याहून तीन वर्षांनी मोठा. आई ओट्याशी भांडी विसळत होती आणि मधूनमधून मागं बघत होती, दोघांत भांडण तर होत नाही ना म्हणून.

या वाटेवर तिला आणलं ते एका वाक्यानं. ती सात वर्षांची असताना एका डॉक्टरांनी आईला तिच्यादेखत ऐकवलं होतं, "बाई, तुम्ही या मुलाला माया लावली नाहीत, म्हणून तो असा मिटून गेला." बाहेर बसथांब्यावर आई दादाच्या शर्टाचं वरचं बटण लावत राहिली. लावायची, काढायची, पुन्हा लावायची. 'स्वमग्नता' हा शब्द घरात यायला पुढं पंधरा वर्षं लागली. तोवर आईनं ते वाक्य अंगावरच्या कपड्यासारखं वागवलं.

म्हणून तिनं चाचणी तयार करायला घेतली. कुणा डॉक्टरच्या लहरीवर काही राहू नये, मुलानं काय केलं ते नीट बघावं आणि मोजावं. बावीस प्रश्न, प्रत्येकी शून्य, एक किंवा दोन मार्क. आरशात बघून केस सारखे करायला सांगायचं. चित्रातली बाई का रागावली असेल ते विचारायचं. पेटीच्या झाकणात बोट सापडल्याचं सोंग करून ओरडायचं आणि मूल आपल्या चेहऱ्याकडे बघतं का ते पाहायचं.

प्रत्येक प्रश्न आधी दादावर करून बघितला जायचा, रविवारी सकाळी दहाला. तिथंच ती चुकली. परीक्षकानं बरोबर उत्तर कधी सांगायचं नसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण दादा खुर्चीत मागंपुढं झुलायला लागायचा, "मग काय? मग काय?" करत. उत्तर कळल्याशिवाय त्याला चैन पडायची नाही. मग ती सांगून टाकायची. एवढ्यानं काय बिघडतंय? त्याचे मार्क तशीही ती संशोधनात धरत नव्हती.

खोक्याची लाकडी पेटी झाली, पेटीबरोबर नियमांचं पुस्तक छापलं गेलं, दूरदूरच्या दवाखान्यांतून ती उघडू लागली. तिला लोक मॅडम म्हणू लागले. पण दहाचा रविवार सुटला नाही, कारण दादाला तो लागायचा. एखादा प्रश्न बदलला, की पुढच्या रविवारी दादा तो पाठ करून मोकळा. "घरातला एकमेव पहिल्या नंबराचा विद्यार्थी," आई म्हणायची. "मास्तरणीला अक्कल नाही, ती गोष्ट वेगळी."

आई दोन वर्षांपूर्वी गेली. यंदा मॅडमच्या स्वतःच्या हृदयात दोन नळ्या बसल्या. डॉक्टर म्हणाले, "एकट्या राहू नका." ती हसली. "एकटी कुठं आहे? तेच तर दुखणं आहे." दादा आता साठीचा. दोनदा घरातून निघून गेला होता. दुसऱ्या खेपेला तो उड्डाणपुलावर सापडला, गाड्यांच्या उलट्या बाजूनं शांतपणे चालताना. गावाबाहेरच्या निवासघरात एक जागा रिकामी झाली, तेव्हा तिनं त्याच दिवशी अर्ज नेऊन दिला. चोवीस किंवा त्याखाली मार्क पडले तरच जागा. मोजायचं होतं निळ्या पेटीनं. पेटी मुलांसाठी होती, पण मोठ्यांसाठी दुसरं काही नव्हतं.

परीक्षा घ्यायला आली तिचीच जुनी विद्यार्थिनी. अंगानं काडी, कानामागं सदा पेन्सिल, म्हणून सगळे तिला पेन्सिलच म्हणत. मॅडम काचेमागच्या खोलीत बसली.

"आई गं!" पेन्सिल ओरडली, बोट झाकणात धरून.

दादानं मान वर केली. बरोबर तिच्या भुवयांच्या मधोमध पाहिलं. "लागलं का? दाखव."

दोन मार्क.

काचेमागं मॅडमनं डोळे मिटले. आई न्हाणीघरात पडली होती, तेव्हाही ती "आई गं!" म्हणूनच ओरडली असणार. संध्याकाळी मॅडम घरी आली तेव्हा दादा न्हाणीघराच्या दारात उभा होता, दुपारपासून तसाच. "लागलं का? दाखव," तो म्हणत होता. शेजारचं दार वाजवायचं, फोन उचलायचा, यातलं काहीच पेटीत नव्हतं. आई फरशीवर कण्हत म्हणाली, "अगं, शंभरदा विचारलंन त्यानं. आधी त्याला काहीतरी खायला दे."

एक्केचाळीस मार्क पडले.

"मॅडम, मला स्वतःला अडतीस पडले होते," पेन्सिल म्हणाली. तिला हसायचं नव्हतं, पण हसू आलं, आणि मग रडूही.

"अगं, त्याला पाठ आहे सगळं."

"मला माहीत नाही का? मी तुमच्या घरी आले की दादा माझ्या बुटांच्या नाड्या तीनदा सोडून बांधतात. पण लिहू काय?"

"लिही, याला चाचणी आधीच माहीत होती. पुस्तकात आहे तसं. अशा माणसावर वापरू नये."

"लिहिते. मग समिती विचारेल, दुसरी कोणती वापरू?"

मॅडमच्या कपाटात 'मोठ्यांसाठी' असं लिहिलेली एक फाईल होती. अकरा वर्षांत तिच्यात चार पानं झाली होती.

समितीचे अध्यक्ष फोनवर मऊ आवाजात बोलले. "तुमचं म्हणणं मला पटतंय हो. पण नातेवाइकाचा शब्द मार्कांच्या वर धरायचा नाही, हा नियम तुमचाच ना?"

तिचाच होता. कुठल्याही आईला पुन्हा कुणी उलटतपासणीला उभं करू नये, म्हणून तिनं तो लिहिला होता.

"पंधरा दिवस जागा धरून ठेवतो. दुसऱ्या परीक्षकाकडून पुन्हा एकदा परीक्षा घेऊन बघू. त्यापलीकडे माझे हात बांधलेत."

रविवारी दहाला दादा टेबलाशी येऊन बसला. तिनं पेटी उघडली.

"दादा, आज वेगळं करायचं. मी ओरडले, तरी तू काही बोलायचं नाहीस."

"चूक," दादा म्हणाला.

"आज तेच बरोबर."

"शून्य मार्क."

"हो. आज शून्य पाहिजेत आपल्याला."

त्यानं तिच्या भुवयांच्या मधोमध पाहिलं, बराच वेळ. मग दोन्ही तळवे तोंडावर दाबून धरले. तिनं झाकणात बोट धरलं. "आई गं!"

त्याचे खांदे थरथरले. पाय टेबलाखाली फरशीवर आपटू लागले. बोटांच्या फटींतून शब्द बाहेर पडलेच. "लागलं का? दाखव."

"पुन्हा करू. काही बोलू नकोस."

दुसऱ्यांदा तेच झालं, तिसऱ्यांदाही. चौथ्या वेळी ती ओरडायच्या आधीच तो स्वतःच्या कानावर बुक्क्या मारू लागला. "चुकलं, चुकलं, चुकलं."

तिनं त्याचे हात धरले. साठ वर्षांच्या माणसाचे हात, तिच्याच्यानं धरून ठेवणं कठीण. तीस वर्षं ती भाषणांतून आईबापांना सांगत आली होती, की मुलानं बरोबर केलं तर त्याची त्याला शिक्षा देऊ नका. छातीत बारीक कळ उठली. ती खुर्चीत बसून राहिली, कळ जाईपर्यंत.

दादाचा श्वास हळूहळू खाली आला. त्यानं मार्कांचा कागद तिच्यापुढं सरकवला आणि रकान्यावर बोट ठेवलं.

"मग काय?" तो झुलायला लागला. "मग काय? मग काय?"

तिनं पेन उचललं. दोन लिहिले.

दादा झुलायचा थांबला. हात पुढं करून त्यानं पेटीतला आरसा काढला, आणि केस सारखे करू लागला.