दुसरी गाठ

सरोजताई माणसाला नमस्कार करायच्या आधी त्याच्या कुत्र्याचा ओठ वर करून हिरड्या पाहत. हिरड्या फिक्या दिसल्या की नमस्कार राहूनच जाई. "जंताचं औषध कधी देल्लं?" समोरचा गांगरला की पुढचा सवाल, "पोराले देता, मंग याले काहून नाही?"

त्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होत्या. सत्तरच्या दशकात वाडीत आमच्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहायच्या. राहायच्या म्हणजे पाठ टेकण्यापुरत्या. चहासुद्धा उभ्यानं, एक पाय उंबऱ्याबाहेर. मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलेली. बाबा ती छापत, मी घड्या घालत असे. खरं ते छापून वाटलं की जग बदलतं, यावर माझी श्रद्धा. कुत्र्यांच्या जंतांवरही मी एक जळजळीत पत्रक लिहिलं. सरोजताई ते वाचून म्हणाल्या, "झकास आहे वं. पण केवलरामले वाचता येत नाही, अन् त्याच्या राणीलेबी."

केवलराम हा अमरावती रोडवरच्या एका गोदामाचा चौकीदार, आणि राणी त्याची कुत्री. तिची मागच्या खेपेची सगळी पिल्लं मेली होती. नजर लागली, असं केवलराम म्हणे. म्हणून या खेपेला त्यानं पाचही पिल्लांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात बिब्बा ओवून बांधला होता.

"पाहा ना बाई, पोटं कशी नगाऱ्यावानी! भरपूर दूध पाजून राहिलो."

"दूध नाही गा, जंत हायेत. मायच्या पोटातूनच येतात, तिच्या दुधातूनबी येतात. वरून टम्म, आतून वाळून राहिली पिल्लं."

वजनाप्रमाणे औषध द्यायचं, म्हणून त्यांनी किराणा दुकानातला तराजू आणवला. ट्रकवाले गोळा झाले. एकानं विचारलं, "डॉक्टरीणबाई, पिल्लू काय भाव?" ताई मान वर न करता म्हणाल्या, "तुह्यापेक्षा महाग." सगळे हसले. पाचही पिल्लांना आणि राणीला औषध पाजून झालं.

दुसऱ्या दिवशी केवलराम धावत आला. चेहरा पांढराफटक. "शेवया पडल्या बाई, शेवया! तुमच्या औषधानंच जंत झाले!" पिल्लं त्यानं पोत्यांच्या थप्पीमागे लपवली. आता औषधाचा थेंबही देणार नव्हता. आणि पिल्लांच्या अंगात दडलेले बारीक जंत पुन्हा आतड्यात उतरणार, दुसरा डोस चुकला तर मागचंच पुन्हा घडणार, हे ताईंना ठाऊक होतं.

मला घेऊन त्या गोदामावर गेल्या आणि थप्पीपाशी उकिडव्या बसल्या. एक पिल्लू ओढून घेतलं आणि त्याच्या काळ्या दोऱ्याला गाठ मारली. "हे झाली पयली. दुसरी पंधरा दिसानं, औषध पाजूनच बांधायची. ते राहिली, तर पिल्लू राहत नाही."

केवलरामनं बाकीची चारही पिल्लं मुकाट पुढे केली.

परतताना मी पेटले होते. "तुम्ही डॉक्टर असून नजरेच्या दोऱ्याला हात लावता? तोडायचा होता तो!"

"तोडला असता तर उद्या पिल्लं गायब. मंग पाजतेस कोणाले? पत्रकाले?"

"पण हे खोटं आहे!"

"यातला कोणता शब्द खोटा बोलली मी, सांग."

मला ते पटलं नाही. त्या आठवड्यात आम्ही चहा पिता पिताही भांडलो.

दुसऱ्या डोसाच्या आधीच त्यांची बदली झाली. ट्रंक रिक्षात चढत असतानाही सूचना चालूच: "राणीलेबी पाजशील. पिल्लाचं तोंड जास्त वर नको करू, ठसका लागते. मोठ्या कुत्र्याले दर तीन महिन्यानं. अन् घाण खड्ड्यात पुरायले सांग, लेकरं तिथंच खेळतात." औषधाची बाटली माझ्या हातात कोंबली आणि रिक्षा निघाली.

ठरल्या दिवशी मी गोदामाकडे निघणार, तोच केवलराम बारदानात पिल्लं घेऊन दारात. मागे राणी. सगळ्यांना औषध पाजलं. तो हलेचना.

"ताई, गाठ?"

बाबा आत छपाईचे खिळे जुळवत होते. त्यांनी हात थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी पाच गाठी मारल्या. तेव्हा केवलरामनं खिशातून एक नवा दोरा काढला.

"राणीचा राहिला ना."

पाचही पिल्लं जगली. सरोजताईंशी चाललेलं ते भांडण मात्र माझ्या डोक्यात अजून मिटलेलं नाही. आणि राणी होती तोवर केवलराम दर तीन महिन्यांनी तिला घेऊन दोऱ्यासकट दारात उभा राहायचा.