प्रतिभा वहिनींचं बंद दार

प्रतिभा वहिनी दाराच्या आत पडून होत्या, तेव्हा मी दाराच्या बाहेर उभा होतो.

आज वर्ष झालं.

घाटंजीत अजून बोललं जातं की सासूनं सुनेकडे पाहिलं नाही. कालच सलूनमध्ये ऐकलं, "कोंडून ठेवली होती म्हणे." मी खुर्चीत होतो, तोंडाला फेस होता. बोलता आलं नाही.

म्हणून इथे लिहितो. कडी आतून होती. आणि ती कडी लावायला मी सांगितलं होतं.

मी बाजाराच्या दिवशी चादर अंथरून बायकांचे गाऊन विकणारा माणूस. आज दुकान आहे. जे शिकलो ते कानाने शिकलो. "पाहून येतो" म्हणणारं गिऱ्हाईक परत येत नाही, हे मला आवाजावरून कळतं.

वहिनी माझ्या दुकानाचे युनिफॉर्म शिवायच्या. घरीच, समोरच्या खोलीत. हात इतका साफ की उलटी बाजू कोणती ते शोधावं लागे.

पण तारीख पाळली जायची नाही.

एकदा त्या वैतागून म्हणाल्या, "भाऊ, लोक मले टेलर नाई समजत. घरी बसलेली बाई समजतात. भाजी फोडणीले टाकली की ब्लाउज घेऊन येतात. वरून म्हणतात, तू त घरीच असते."

मी म्हणालो, "मग घरी असू नका. दहा ते पाच तुम्ही घरी नाही. आतून कडी. घरचं कोणी हाक मारायची नाही. मापं पाचनंतर."

बोर्ड मी रंगवून दिला. कडी मी आणली.

त्यांच्या सासूबाई, आमच्या कमलामावशी, त्या दिवशी दारापुढच्या ओट्यावरून म्हणाल्या, "मोठी हापिसर झाली. आता मले चाय मांगाले अर्ज द्या लागन का?"

सहा महिन्यांत याच मावशी पहारेकरी झाल्या.

दाराला पाठ लावून ओट्यावर बसायच्या. कोणी आलं की, "सून ड्युटीवर हाये. पाचले या."

वहिनींची सख्खी बहीण बोरी अरबहून आली, तिलाही पाचपर्यंत ओट्यावर बसवलं. चहा दिला, पोहे दिले, पण दार नाही वाजवू दिलं. बहीण चिडली. मावशी म्हणाल्या, "बँकेत असती त मंधात घुसली असती का तू?"

मी हा किस्सा बचत गटांच्या मीटिंगमध्ये सांगायचो. याला प्रोफेशनल म्हणतात, असं म्हणायचो. बाया हसायच्या, टाळ्या वाजवायच्या.

शाळा उघडायच्या होत्या. माझी ऑर्डर होती.

त्या सकाळी वहिनी डबा घेऊनच आत गेल्या. मावशींना म्हणाल्या, "माय, आज एकची जेवाची सुट्टी नाई. आवाज देऊ नोका. भाऊचं काम आज संपवतो."

विलास, त्यांचा नवरा, एसटीत कंडक्टर. तो ड्युटीवर गेलेला.

तीन वाजता मी माल पाहायला गेलो.

कूलर चालू होता. मशीन बंद होती.

मला ऐकू आलं. हे मला लिहायलाच हवं. मला ते ऐकू आलं होतं.

मी म्हणालो, "मावशी, मशीनचा आवाज नाही."

"बटनं लावून राह्यली असन. आवाज देऊ नोका म्हणली."

मी दारापर्यंत हात नेला.

आणि मागे घेतला. आपला नियम आपणच कसा मोडायचा?

खरं सांगू? मला बरं वाटलं. आपण सांगितलेली गोष्ट एखाद्या घरानं इतकी पाळावी, याचं बरं वाटलं. हसत हसत गाडीवर बसलो.

पाच वाजले. दार उघडलं नाही. मावशींनी हाक मारली, मग दोन्ही हातांनी दार बडवलं, मग माझा फोन वाजला.

कडी पहारीनं तोडली. मी चांगली जाड आणली होती. वेळ लागला.

वहिनी मशीनशेजारी कुशीवर पडलेल्या. श्वास चालू होता. डबा तसाच, भरलेला.

यवतमाळला डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "किती वाजता पडल्या?"

ज्या घरात सगळं घड्याळावर चालायचं, त्या घरातल्या कोणालाच हे सांगता आलं नाही.

मी म्हणालो, "डबा खाल्लेला नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मेंदूत रक्तस्राव म्हणाले. मी विचारलं, लवकर आणलं असतं तर? "नक्की कोणी सांगू शकत नाही. पण यात वेळ महत्त्वाचा असतो."

तिसऱ्या दिवशी वहिनी गेल्या. एक्केचाळीस वय.

मावशींनी दार अडवलं नाही. त्यांनी सुनेच्या कामाचा मान राखला. असा मान ठेवणाऱ्या सासवा मी फार पाहिल्या नाहीत. ज्याला बोट दाखवायचं असेल त्यानं माझ्याकडे दाखवावं. दुकान बाजार लाइनमध्येच आहे.

आज सकाळी वहिनींच्या घरी बुद्धवंदना झाली. माणसं पांगल्यावर मी मावशींजवळ बसलो. वर्षभर तोंडाशी आलेलं बोललो, "मावशी, चूक माझी. कडी माझी, नियम माझा, ऑर्डर माझी. त्या दिवशी मी दार वाजवायला पाहिजे होतं."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही.

"तू त बाहीर उभा होता, सुधाकर," त्या म्हणाल्या. "माही पाठ दाराले लागून होती."

त्यांनी माझ्यासमोर पाण्याचा गिलास सरकवला.

जयभीम, वहिनी.