जुनवानीच्या रोडवरचे पॉइंट

ई-मेल ग्रुपमधल्या आपल्या सगळ्या भिलाईकरांना नमस्कार. आज दुपारी घडलं ते लगेच लिहून राहिलो.

माझी पोरगी पल्लवी अकरावीत आहे. घरच्या कॉम्प्युटरवर ती गाडीचा एक गेम खेळते. रस्त्यावरच्या माणसाले उडवलं की पॉइंट भेटते. मी हसायचो, खेळच तर होय म्हणून.

आज तिले लुना शिकवायले जुनवानीच्या मोकळ्या रोडवर नेलं. ती चालवत होती, मी मागे बसलो होतो. समोर एक म्हातारी भाजीची टोपली घेऊन रोड ओलांडून राहिली होती.

"पल्लू, ब्रेक मार!" मी ओरडलो.

तिनं उलट रेस वाढवली, अन् लुना सरळ म्हातारीकडे नेली. मी मागून हँडल वळवलं. आम्ही दोघंही बाजूच्या शेतात पडलो.

म्हातारी वाचली, टोपली तेवढी हातातून पडली. "देख के चला न, नोनी," पोरीले एवढंच बोलली. रोडभर सांडलेले टमाटर वेचता वेचता पल्लवी रडायले लागली.

"ब्रेक कावून नाही मारला?"

"माहीत नाही, बाबा. एक सेकंद मले वाटलं, पॉइंट भेटतील."

घरी येऊन मी गेम काढून टाकला. बायको म्हणते, नवशिकी पोरगी घाबरली, गेमचा काय दोष? असेलही. पण अशा गेमवर बंदी पाहिजे, असं मले आज पहिल्यांदा वाटलं.

तुमच्या पोरांले कधी विचारलं काय, रस्त्यावरची माणसं त्यांले कशी दिसतात?