मोहरबंद वासला

दरपत्रकावर त्या लोहाराचं नाव मीच लिहिलं होतं, पण आता आठवत नाही. खाली उमटवलेला त्याचा अंगठा मात्र आठवतो.

चांदा जिल्ह्यातल्या अहेरीच्या शाळेत तेव्हा सुतारकामाचा वर्ग निघाला आणि हत्यारांची खरेदी माझ्याकडे आली. नियम असा, की प्रत्येकाने दराबरोबर नमुना द्यायचा आणि निर्णय होईपर्यंत तो लाखेची मोहर लावून कपाटात ठेवायचा. बाजारात बसणाऱ्या या लोहाराने लाकूड तासायचा स्वतःचा जुना वासलाच आणून दिला. मी नवा मागितला.

"नवा तं कोनताई चमकते, गुरुजी. हा दहा वर्सं झिजला. नमुना हाच."

पुढे दर बाजाराच्या दिवशी तो तेलाची बाटली घेऊन यायचा.

"गंजून राह्यला असन. थोडं तेल लावू द्या."

मी नियम सांगायचो. तो कपाटाच्या दाराला हात लावून परत जायचा.

आठ महिन्यांनी नागपूरहून दुसऱ्याच पुरवठादाराची हत्यारं आली. मी मोहर फोडली. वासला तांबडा पडला होता. लोहार पायरीवर बसून त्याला निवांत तेल चोळत राहिला. मग त्याने नागपूरहून आलेला एक नवा वासला उचलला आणि त्याच्या धारेवरून अंगठा चांगला दाबून ओढला. अंगठ्यावर ओरखडासुद्धा उठला नाही.

"बरं झालं गुरुजी," तो म्हणाला, "यायनं पोरायचे हात नाई कापनार."